सजीवांतील चयापचय कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी, तपासणीचा अहवाल हाती पडलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही प्रश्नांची उत्तरे मुद्दाम लांबवली आहेत, कारण तेथे पद्धतीमागचा विचार समजला नाही तर आकडा हाती असूनही त्याचा अर्थ लागत नाही.

चयापचयाचे विश्लेषण करताना नेमके काय मोजतात?

दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, आणि बहुतेक गैरसमज त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात. पहिली गोष्ट म्हणजे साठा : या क्षणी रक्तात ग्लुकोज किती आहे, यकृताच्या पेशीत लॅक्टेट किती आहे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रवाह : दर मिनिटाला किती ग्लुकोज आत येते आणि किती खर्च होते. हौदातील पाण्याची पातळी पाहून नळाची धार कळत नाही. पाणी आत आणणारा नळ आणि बाहेर सोडणारी तोटी दोन्ही पूर्ण उघडी असली किंवा दोन्ही बंद असली, तरी पातळी तीच राहू शकते. आपल्या शरीरातील एटीपी या ऊर्जावाहक रेणूचा साठा कोणत्याही क्षणी शंभर-दोनशे ग्रॅमांपलीकडे फारसा नसतो. मात्र दिवसभरात हा रेणू मोडून पुन्हा बनण्याचे एकूण प्रमाण शरीराच्या वजनाच्या घरात जाते. केवळ साठा मोजणाऱ्याला ही उलाढाल कधीच दिसणार नाही. त्यामुळे कोणत्याही पद्धतीविषयी वाचताना ती साठा सांगते की प्रवाह, हे आधी विचारावे, असा माझा आग्रह असतो.

अशा मोजमापाची सुरुवात कोणी केली?

पदुआ येथील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, जवळपास तीस वर्षे, स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न आणि शरीराबाहेर पडलेला मळ यांची नोंद ठेवली. १६१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात असे म्हटले आहे की, दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यातील सुमारे पाच पौंड न दिसता शरीरातून निघून जाते. जाते कोठे, हे त्यांना कळणे शक्य नव्हते, कारण वायूंचे रसायनशास्त्र तेव्हा जन्माला यायचे होते. परंतु आत काय गेले, बाहेर काय आले आणि फरक किती राहिला, हा जमाखर्च मांडण्याची रीत त्यांनी घालून दिली.

पुढचे निर्णायक पाऊल पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात टाकले. बर्फाने वेढलेल्या पात्रात त्यांनी गिनीपिग ठेवला, त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले, आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळल्यावर किती बर्फ वितळते याच्याशी त्याची तुलना केली. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असे म्हणता येईल इतके ते जवळ आले. ऊर्जा थेट उष्णतेवरून मोजण्याची आणि वायूंवरून मोजण्याची अशा दोन्ही वाटा याच एका प्रयोगातून निघाल्या.

केवळ श्वासावरून खर्च झालेली ऊर्जा कशी कळते?

अन्नाचे ऑक्सिडीकरण होताना किती ऑक्सिजन लागतो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, याचे गणित निश्चित असते. त्यामुळे तोंडावर मुखवटा लावून किंवा डोक्यावर पारदर्शक छत्री ठेवून आत-बाहेर जाणाऱ्या हवेतील दोन्ही वायू मोजले की ऊर्जेचा हिशेब मांडता येतो. १९४९ मध्ये वीर यांनी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे : वापरलेल्या ऑक्सिजनच्या प्रत्येक लिटरमागे ३.९४ आणि सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक लिटरमागे १.११ किलोकॅलरी धरून बेरीज करायची. विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असे धरले, तर दिवसाला ३६० आणि २८८ लिटर होतात आणि उत्तर सुमारे १७४० किलोकॅलरी येते.

याच मापातून श्वसन गुणांकही मिळतो. सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडला घेतलेल्या ऑक्सिजनने भागल्यावर उत्तर १ आले तर शरीर प्रामुख्याने कर्बोदके जाळत आहे, ०.७ च्या आसपास आले तर मेद जाळत आहे, असा त्याचा अर्थ होतो. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णाला किती पोषण द्यावे हे ठरवताना या पद्धतीचा खरा उपयोग होतो, कारण अशा रुग्णाच्या बाबतीत वय-वजनाच्या सूत्रांवरून काढलेला अंदाज बराच चुकू शकतो.

पण माणूस दिवसभर मुखवटा लावून वावरत नाही. रोजच्या जगण्यातील खर्च कसा मोजतात?

त्यासाठी दोन खुणांचे पाणी पाजतात. मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफ्सन यांनी १९५५ मध्ये उंदरांवर वापरलेली ही पद्धत १९८० च्या दशकात माणसांसाठी वापरात आली, आणि कल्पकतेच्या दृष्टीने ती मला या सर्व पद्धतींत सर्वांत सुंदर वाटते. या पाण्यातील काही हायड्रोजन जड असतो, म्हणजे ड्यूटेरियम, आणि काही ऑक्सिजनही जड असतो, म्हणजे ऑक्सिजन-१८. दोन्ही स्थिर समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) आहेत, त्यांच्यापासून किरणोत्सर्ग होत नाही, म्हणून गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्यावरही ही चाचणी करता येते.

ड्यूटेरियम शरीराबाहेर पडतो तो केवळ पाण्यातून : लघवी, घाम, उच्छ्वासातील बाष्प. ऑक्सिजन-१८ मात्र पाण्यातूनही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही, कारण रक्तातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे) पाण्यातील आणि कार्बन डायऑक्साइडमधील ऑक्सिजनची सतत अदलाबदल होत असते. त्यामुळे ऑक्सिजनची खूण ड्यूटेरियमपेक्षा लवकर विरते. दहा-बारा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांतून हा फरक मोजला की, त्या काळात किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला आणि पर्यायाने किती ऊर्जा खर्च झाली ते कळते. दरम्यान ती व्यक्ती शेतात राबत असो की कार्यालयात बसलेली असो, तिच्या दिनक्रमात काहीही बदल करावा लागत नाही. मर्यादा दोनच. ऑक्सिजन-१८ महाग असतो. आणि उत्तर संपूर्ण कालावधीची सरासरी असते, मंगळवारी किती आणि बुधवारी किती हे त्यातून निघत नाही.

तिशीनंतर चयापचय मंदावतो, हे खरे आहे का?

वर सांगितलेल्या पाण्याच्या पद्धतीने २९ देशांतील ६,४२१ व्यक्तींची मोजमापे एकत्र करून २०२१ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले; त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सर्व वयांचे लोक होते. शरीराचे आकारमान आणि मेदरहित वस्तुमान लक्षात घेऊन तुलना केली असता, वीस ते साठ या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर आढळला आणि घट साठीनंतर सुरू झालेली दिसली. सर्वाधिक खर्च वर्षभराच्या आसपासच्या बाळांचा होता, प्रौढांच्या तुलनेत सुमारे दीडपट. चाळिशीत वजन वाढते ते अनेक कारणांनी. पण त्याचे खापर पेशींच्या मंदावण्यावर फोडायला या मोजमापांतून आधार मिळत नाही.

शरीरात गेलेला रेणू पुढे कोठे जातो, हे कसे शोधतात?

रेणूवर खूण करतात आणि तिचा माग काढतात. फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ मध्ये मेदाम्लाच्या शेपटाला बेंझिनचे कडे जोडून ते कुत्र्यांना खाऊ घातले. हे कडे शरीराला मोडता येत नाही, त्यामुळे ते लघवीत सापडते. साखळीत कार्बनची संख्या विषम असेल तर एक पदार्थ आणि सम असेल तर दुसरा पदार्थ लघवीत आला, साखळी कितीही लांब असली तरी. यावरून मेदाम्ल एका वेळी दोन कार्बनांच्या तुकड्याने मोडते हे त्यांनी ओळखले. आत न डोकावता काढलेला हा निष्कर्ष पुढे विकरे सापडल्यावर योग्य ठरला.

क्नूप यांची खूण मात्र परकी होती, ती रेणूचे रूपच बदलून टाकत असे. हॅरल्ड युरी यांनी ड्यूटेरियम शोधून काढल्यावर कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहाइमर आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी १९३५ पासून खऱ्याखुऱ्या रेणूंवरच जड अणूंची खूण करायला सुरुवात केली. खूण केलेला मेद उंदरांना दिला तेव्हा, उंदरांना पोटभर अन्न मिळत नसतानाही, त्यातील बराच भाग आधी शरीरातील चरबीच्या साठ्यात जाऊन मिसळला. तोवर चरबी म्हणजे अडीअडचणीला काढायची कोठारातील पोती असे समजत असत. प्रत्यक्षात ती पोती रोज बदलली जात होती, फक्त त्यांची संख्या तेवढीच राहत होती. प्रथिनांचेही तसेच निघाले. हौदाच्या दाखल्यात सांगितलेला साठा आणि प्रवाह यांचा भेद शास्त्राला खऱ्या अर्थाने दिसला तो या प्रयोगांत.

कार्बन-१४ चा शोध मार्टिन केमेन आणि सॅम रुबेन यांनी १९४० मध्ये बर्कली येथे लावला. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असल्याने सावकाश प्रयोग करता येऊ लागले; त्याआधी वापरात असलेला कार्बन-११ अवघ्या वीस मिनिटांत निम्मा होत असे. पुढे त्याच बर्कलीत मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या शैवालाला कार्बन-१४ असलेला वायू दिला, काही सेकंदांतच ते शैवाल उकळत्या अल्कोहोलमध्ये सोडून सर्व क्रिया थांबवल्या आणि कागदावरील वर्णलेखनाने (क्रोमॅटोग्राफीने) पदार्थ वेगळे केले. जितका कमी वेळ दिला तितकी खूण कमी पदार्थांत दिसली, आणि सर्वांत आधी ती तीन कार्बनांच्या एका आम्लात दिसली. प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग अशा रीतीने, मागे मागे जात, उलगडला.

ऊस आणि ज्वारी यांचा कार्बनचा मार्ग वेगळा असतो म्हणतात. तो कसा कळला आणि त्याचा उपयोग काय?

हवाई बेटांवर उसाच्या पानांना कार्बन-१४ दिल्यावर खूण आधी अपेक्षित आम्लात दिसेना. ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये हा मार्ग स्पष्ट केला : उसात कार्बन प्रथम चार कार्बनांच्या आम्लांत बांधला जातो आणि नंतर नेहमीच्या चक्राकडे सोपवला जातो. ज्वारी, बाजरी आणि मका याच गटात येतात. गहू, भात आणि सर्व कडधान्ये तीन कार्बनांच्या गटात.

हा फरक झाडाच्या पेशीपुरता राहत नाही, तो साखरेत उतरतो. हवेतील जड कार्बन-१३ नाकारण्याची प्रवृत्ती दोन्ही मार्गांत सारखी नसते. आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्याच्या तुलनेत गहू-भाताच्या गटात कार्बन-१३ हजारी सुमारे २७ ने कमी भरतो, तर ऊस-ज्वारीच्या गटात तो हजारी १२-१३ नेच कमी असतो. मधमाश्या ज्या फुलांचा मकरंद गोळा करतात ती झाडे बहुतांशी पहिल्या गटातील असल्याने, मधात उसाची साखर किंवा मक्याचा पाक मिसळला तर मधातील कार्बनचे गुणोत्तर सरकते आणि भेसळ उघडी पडते. तांदळाचा पाक वापरणाऱ्यांना मात्र ही चाचणी पकडू शकत नाही, कारण भात मकरंदाच्याच गटातला. त्यासाठी एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांचे संकेत वाचणारी पद्धत) व अन्य चाचण्यांची जोड द्यावी लागते.

मार्गातील पायऱ्यांचा क्रम कसा ठरवतात?

वाट अडवून. एखादे विकर बंद पाडले की त्याच्या आधीचा पदार्थ तुंबतो आणि नंतरचा आटतो. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये शेफील्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा घेऊन, पेशी अन्नाचे ऑक्सिडीकरण करतात त्या मार्गावर हेच केले. या मार्गात सक्सिनेट हा पदार्थ पुढे ऑक्झॅलोॲसिटेटकडे जातो. मॅलोनेट हे विष घालून त्यांनी सक्सिनेटनंतरची पायरी अडवली, आणि तरीही ऑक्झॅलोॲसिटेटपासून सक्सिनेट तयार होताना दिसले. सरळ उलटी वाट तर बंद होती, म्हणजे रेणू दुसऱ्या बाजूने वळसा घालून आला होता. म्हणजेच हा मार्ग गोल होता. क्रियेचा वेग त्यांनी वॉरबर्ग यांच्या दाबमापीने, वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनवरून मोजला.

विष घालण्याऐवजी जनुकच बिघडवण्याची रीत बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीवर क्ष-किरण सोडून दाखवली. आज जनुक नेमके कापता येते, पण तर्क तोच आहे.

या पद्धतींमध्ये भारतीयांचे काम आहे का?

आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही याची मला खंत वाटते. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर हार्वर्ड येथे १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची रंगपद्धत दिली, जिच्यात निळ्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळते. तिच्याच बळावर स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हा ऊर्जा साठवणारा रेणू आणि पुढे एटीपी त्यांच्या हाती लागले. महाविद्यालयांत हा प्रयोग अजूनही करून घेतला जातो. कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, श्वसनसाखळीतील सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांकडून काम करून घेतले.

मेटाबोलोमिक्स म्हणजे काय?

एकेक पदार्थ न मोजता, नमुन्यातील शेकडो-हजारो लहान रेणू एकाच वेळी मोजण्याच्या प्रयत्नाला हे नाव आहे. साधने मुख्यतः दोन. मास स्पेक्ट्रोमेट्रीत रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान मोजतात. ही पद्धत अत्यंत संवेदनशील आहे, पण सारख्या वस्तुमानाचे रेणू आधी वर्णलेखनाने वेगळे करावे लागतात. एनएमआरमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांचे संकेत वाचतात. संवेदनशीलता कमी, मात्र नमुना नष्ट होत नाही आणि प्रमाण थेट मिळते. मानवी चयापचयजांच्या कॅनडातील खुल्या विदागारात दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. तरीही यंत्रातून निघालेल्या शिखरांपैकी मोठ्या भागाला आजही नाव देता येत नाही. शिवाय, इतके करूनही हाती येतो तो साठाच. प्रवाह हवा असेल तर कार्बन-१३ ची खूण केलेले ग्लुकोज द्यावे लागते आणि ती खूण कोणत्या रेणूत किती वेगाने पोचते ते पाहावे लागते.

नमुना घेण्याच्या पद्धतीला इतके महत्त्व का?

कारण नमुना नळीत गेल्यावरही जिवंत असतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील लाल पेशी तासाला सुमारे ५ ते ७ टक्के ग्लुकोज वापरतात आणि लॅक्टेट सोडतात. म्हणून साखरेच्या तपासणीसाठी फ्लोराइड असलेली नळी वापरतात. तीही लगेच परिणाम करत नाही, पहिल्या तास-दीड तासात थोडी घट होतेच. पेशींमधील एटीपीसारखे रेणू काही सेकंदांत बदलतात, त्यामुळे संशोधनात नमुना उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात किंवा अतिथंड मिथेनॉलमध्ये सोडतात. या टप्प्यावर झालेली चूक पुढच्या कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त का घेतात?

काही बाळांत जन्मतःच एखादे विकर काम करत नसते. फिनाइलकिटोन्युरिया या दोषात फिनाइलॲलॅनिन हे अन्नातील प्रथिनांतून येणारे अमिनो आम्ल साचून मेंदूला इजा होते, आणि आहार वेळीच बदलला तर ती टळते. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्याची चाचणी आणली, जिच्यात जीवाणूंची वाढ झाली की फिनाइलॲलॅनिन जास्त आहे असे समजे. आता त्याच ठिपक्यातून मास स्पेक्ट्रोमेट्रीने काही मिनिटांत अनेक दोषांची चाळणी होते. गोवा सरकारने २००८ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला होता. पालकांनी लक्षात ठेवावे की चाळणीत आकडा वर येणे हे निदान नव्हे. बाळाची पुन्हा तपासणी होते, आणि तिला उशीर करू नये.

पेट स्कॅनमध्ये चयापचय दिसतो म्हणजे काय?

फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत ओढून घेते, त्यावर पहिली प्रक्रिया करते, पण पुढे मोडू शकत नाही आणि ते तेथेच अडकते. ज्या पेशी अधिक ग्लुकोज ओढतात तेथे, उदाहरणार्थ अनेक कर्करोगांत, ठिपका उजळ दिसतो. मेंदू आणि मूत्राशय नेहमीच उजळ दिसतात, त्याने घाबरू नये : मेंदूचे मुख्य इंधनच ग्लुकोज आहे आणि हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मा होत असल्याने तो तयार करणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळपास असावे लागते. मुंबईत परळ येथे २००२ मध्ये ही सोय झाली. तपासणीपूर्वी उपाशी राहायला सांगतात ते गंभीरपणे घ्यावे, कारण जेवणानंतरचे इन्शुलिन औषध स्नायूंकडे वळवते आणि चित्र बिघडते.

वजन कमी असूनही मधुमेह होतो. कोणती तपासणी हे दाखवते?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. वजनकाट्याला न दिसणारी ही गोष्ट क्ष-किरणांवर आधारित डेक्सा तपासणीत दिसते. याच पुण्यातील अभ्यासांत असेही दिसले की आपली बाळे जन्मतः लहान असली तरी त्यांच्यातील चरबी त्या प्रमाणात कमी नसते, आणि आईच्या शरीरातील ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मुलांच्या चयापचयाशी संबंध आहे.

इन्शुलिनला शरीर किती दाद देते हे काटेकोरपणे मोजायचे असेल तर डीफ्रोंझो यांनी १९७९ मध्ये मांडलेली क्लॅम्प पद्धत आहे. एका शिरेतून इन्शुलिन ठरावीक वेगाने देतात, दुसऱ्यातून ग्लुकोज असे देत राहतात की रक्तातील पातळी हलू नये. त्यासाठी जेवढे ग्लुकोज द्यावे लागले, ते उत्तर. येथे पातळी मुद्दाम स्थिर ठेवून प्रवाह मोजला जातो. कित्येक तास लागत असल्याने ही पद्धत संशोधनापुरतीच राहिली आहे.

घरातील काटा जे ‘चयापचयाचे वय’ दाखवतो, त्यावर विश्वास ठेवावा का?

असा काटा तळपायांतून अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह सोडतो, शरीराचा अवरोध मोजतो आणि बाकी सर्व सूत्राने काढतो. चयापचय तो मोजतच नाही. पाणी प्यायल्यावर किंवा घाम गेल्यावर आकडा बदलतो. रोज सकाळी एकाच वेळी पाहून महिन्याचा कल पाहण्यापुरता त्याचा उपयोग करावा. त्यावरून आहार किंवा औषध ठरवू नये.

महाविद्यालयात कमी खर्चात कोणता प्रयोग करता येईल?

मोड आलेले मूग मोठ्या परीक्षानळीत घ्यावेत, वर कापसाच्या आधाराने पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ठेवावे, आणि बुचातून काढलेल्या बारीक काचनळीत रंगीत पाण्याचा थेंब सोडावा. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड द्रावणात शोषला जातो, ऑक्सिजन कमी होत जातो आणि थेंब आत सरकतो. काचनळीच्या छिद्राचे क्षेत्रफळ माहीत असले की सरकलेल्या अंतरावरून ऑक्सिजनचे घनफळ मिळते. मग हाच प्रयोग द्रावणाशिवाय करावा. दोन्ही मोजमापांतून श्वसन गुणांक निघतो. मुगाच्या जोडीला मोड आलेले शेंगदाणे घेतले तर त्यांचा गुणांक कमी येतो, कारण त्यांचे इंधन तेल आहे.

शेजारी काचेचे मणी भरलेली नळी अवश्य ठेवावी, कारण खोलीचे तापमान अर्धा अंश बदलले तरी थेंब हलतो. मण्यांऐवजी उकडलेले मूग वापरायचे असतील तर ते जंतुनाशकात बुडवून घ्यावेत. तसे न केल्यास त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी जीवाणू वाढतात, श्वसन करू लागतात, आणि मेलेल्या मुगांच्या नळीतील थेंबही सरकू लागतो.